खडीवरची लढाई

ते बहात्तर साल होतं. औशाच्या रस्त्यावर दुष्काळी कामाची खडी फोडता फोडता बायकांमध्ये वाद जुंपला होता, की मर्दानसिंग सरदाराचा पांढरा घोडा या साली काय खात असेल.

"हरभरा खातो," माझ्या सासूबाई म्हणाल्या. "सरदाराचा घोडा हाय तो. आपल्या बैलावानी कडबा चघळत न्हाई."

ढिगाच्या पलीकडून सरजाबाई म्हणाली, "हरभरा? या साली? मग बाई, त्या सरदाराला म्हना, मूठभर आमाला बी दे. आमी मिलो खायलाव."

दोन्हीकडच्या बायका हसल्या. मिलो म्हणजे रेशनवर मिळणारी परदेशी तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना फाटायची आणि खाताना घशात अडकायची. ती तेव्हा सगळ्यांच्याच घरात होती, जमीनवाल्यांच्या आणि बिनजमिनीच्याही. हसू आलं ते त्यामुळेच.

मर्दानसिंग सरदार नावाचा माणूस कधी झाला नाही. तो वगातला. माझ्या सासूबाईंचं नाव कोंडाबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणे. त्यांचं माहेर हदगावकडचं. तिथल्या जत्रेत तमाशाचा एक फड यायचा आणि दर साली मर्दानसिंगाचा नवा वग लावायचा. एका साली तो वाघ मारायचा, एका साली किल्ला घ्यायचा, एका साली पळवून नेलेली राजकन्या सोडवायचा. आत्याबाईंनी लग्नापर्यंतचे सगळे वग पाहिले होते आणि त्यांना ते जसेच्या तसे येत होते. मिशीला पीळ कसा, फेट्याचा शेव कुठल्या खांद्यावर, सगळं.

सरजाबाईचा गडी वेगळा. त्याचं नाव शिदू हिकमती. तो जलशातला. सरजाबाई बौद्धवाड्यातली. दीक्षा घेतल्यानंतर तिथल्या तरुणांनी जलसा उभा केला होता आणि तिचा नवरा लिंबाजी त्या जलशाचा म्होरक्या होता. गाणी तो रचायचा, हलगीही तोच वाजवायचा, आणि शिदूचं सोंग त्याचंच. खांद्यावर फाटकं घोंगडं, अंगात हाडं तेवढी, हातात काही नाही. शिदू नुसते प्रश्न विचारायचा. सावकार असो, पाटील असो, राजा असो, शिदूच्या प्रश्नांनी त्याच्या तोंडाला फेस यायचा आणि शेवटी तो फेटा सावरत पळून जायचा. हे मला सरजाबाईच्या सांगण्यावरून माहीत. आमच्या आळीतलं कोणी जलसा बघायला जात नसे.

त्या साली मात्र सगळे एका हजेरीवर आलो. आमच्या विहिरीत तळाचे दगड दिसायला लागले तेव्हा मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मान खाली घालून आम्हा दोघींची नावं कामावर घातली. माझं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ढिगाच्या एका अंगाला आम्ही कुणब्यांच्या बायका बसायचो, दुसऱ्या अंगाला बौद्धवाड्यातल्या. टोकाला वडारांची लक्ष्मम्मा, देगलूरकडची. खडी फोडणं हे तिचंच काम होतं. चिंध्यांची चुंबळ करून तिच्यात दगड कसा धरायचा आणि बोटं कशी वाचवायची, हे आम्हाला तिनंच दाखवलं. पाण्याचे हंडे दोन होते, हे सांगायला नको.

वाद कसा सुरू झाला, ते मला चांगलं आठवतं. सरजाबाई तिच्या बायकांना शिदूची गोष्ट सांगत होती आणि आत्याबाई कान देऊन ऐकत होत्या. गोष्ट संपल्यावर त्या आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, की आमच्या मर्दानसिंगाम्होरं असता तर त्याचे उभे दोन तुकडे झाले असते. सरजाबाईनं शांतपणे विचारलं, त्याला तो घावला असता तर ना?

झालं. तिथून पुढं रोज लढाई.

मुकादम मलप्पा म्हणून निलंग्याकडचा होता. बायका हसायला लागल्या की हातोड्या थांबतात, म्हणून त्यानं आधी आरडाओरडा केला. मग त्याच्या ध्यानात आलं, की लढाईच्या दिवशी कोणी उन्हाचं नाव काढत नाही आणि लवकर उठून जात नाही. तो स्वतःच ढिगाजवळ छत्री घेऊन उभा राहायला लागला.

पंच म्हणून लक्ष्मम्माला नेमलं. ती ना वगातली ना जलशातली. तिनं पहिल्याच दिवशी निकाल दिला, की लढाई याच साली होणार. आपण या साली बसलोय, तर त्यांनी मागच्या सुकाळात का लढावं? आणि मग तिनं आत्याबाईंना विचारलं, "घोड्याला नीळ्ळु कुठलं?" नीळ्ळु म्हणजे तिच्या बोलीत पाणी. आत्याबाईंना उत्तर देता आलं नाही. अशा रीतीने मर्दानसिंगाचा घोडा गेला आणि सरदार पायी झाला.

त्या दिवशी घरी जाताना आत्याबाई वाटभर पुटपुटत होत्या. घोड्याशिवाय सरदार म्हणजे कपाळाशिवाय कुंकू. रात्री भाकरी वाढताना त्यांनी मामंजींना विचारलं, की घोडा पाण्यावाचून किती दिवस राहतो? मामंजी तंबाखू मळत उठून गोठ्याकडे गेले. हे नेहमीचंच होतं. आत्याबाईंचं बोलणं अर्ध्यावर आलं, की मामंजींना कुठलं तरी काम आठवायचं. माझ्या नवऱ्यालाही बापाची तीच सवय लागली होती. आत्याबाईंनी त्याचा कधी राग केला नाही. त्या उरलेलं वाक्य चुलीशी पुरं करायच्या.

खडीवर मात्र त्यांचं वाक्य पुरं व्हायचं. तिथं पन्नासएक बायका त्यांच्या तोंडाकडे बघत बसायच्या.

सरजाबाईची उत्तरं कुठून येतात, ते मला लवकरच कळलं. दुपारी ती कोड्यात पडायची, गप्प व्हायची, आणि सकाळी आली की नवं उत्तर घेऊन यायची. एकदा पाण्याच्या टाकीपाशी आम्ही दोघीच होतो, तेव्हा तिनं सांगितलं. लिंबाजी दोन वर्षांपासून छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला होता. आवाज गेला, तसा जलसाही मोडला. हलगी खुंटीला लागली. माणूस भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि भाकरी पुढं केली की नको म्हणायचा. मग एका संध्याकाळी तिनं सहज सांगितलं, की आज एक कुणब्याची बाई तुमच्या शिदूचे दोन तुकडे करायला निघाली होती.

"उठून बसला की," सरजाबाई म्हणाली. "म्हनला, कोन सरदार? तलवार कोनत्या हातात धरतोय? मला समदं सांग. आन सांगता सांगता मी भाकरी पुढं केली, तर खाल्ली."

तेव्हापासून तो रोज लढाई ऐकायचा आणि ऐकता ऐकता जेवायचा. शिदूचं पुढचं बोलणं रात्रीतून जुळवून सकाळी बायकोजवळ द्यायचा. भिंतीकडे तोंड करणं सुटलं होतं.

त्याचा सगळ्यात भारी डाव ऐकून मलप्पासुद्धा छत्री मिटून खाली बसला होता. आत्याबाईंनीच कधी तरी मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं, की मर्दानसिंग खरा सरदार आहे, तो बोलत्या माणसावर कधी हात उचलत नाही. वगात लढाईआधी दोघांचे सवालजवाब होतात, ते संपल्यावरच तलवार बाहेर येते. लिंबाजीनं नेमकं तेच धरलं. शिदू बोलणं थांबवतच नाही. ही तलवार कोणाची? राजाची. राजाला कोणी घडवून दिली? लोहारानं. मग लोहाराच्या घरात भाकरी का नाही? भाता कोणाच्या पोरानं ओढला? सरजाबाई हातोडीच्या ठेक्यावर एकामागून एक प्रश्न टाकत गेली. सरदार उत्तर द्यायला तोंड उघडायचा, तेवढ्यात शिदू त्याच्याच उत्तरातून पुढचा प्रश्न काढायचा. तलवार म्यानातून अर्धी बाहेर आणि सरदार तसाच उभा. सुट्टी होईपर्यंत तो उभाच राहिला.

लक्ष्मम्मा म्हणाली, "शिदू बोलतोय तवर सरदार खांबावानी. बरोबर हाय. आज शिदू वर."

आत्याबाई त्यानंतर काही दिवस गप्प होत्या. मला वाटलं, त्यांनी हार मानली. भाकरी थापता थापता त्यांचा हात मध्येच थांबायचा आणि त्या चुलीतल्या जाळाकडे बघत राहायच्या. मामंजी एकदा म्हणाले, हिला काय झालंय? मी म्हटलं, ऊन लागलं असंल.

मग एका सकाळी हजेरी झाल्याबरोबर त्यांनी पदर खोचला आणि सरजाबाईला हाक मारली.

"सरजे, मर्दानसिंगानं काय केलं, ऐक. अर्धी काढलेली तलवार परत म्यानात घातली. आन खाली बसला."

"कुठं बसला?"

"भुईवर. शिदूच्या म्होरं, मांडी घालून. म्हनला, बोल गड्या. तुझं सरेपरेंत मी ऐकून राहिलो."

ढिगावर कोणीच हसलं नाही. सरजाबाईनं जरा विचार केला आणि शिदूचं बोलणं सुरू केलं. राजाचं, लोहाराचं, भात्याचं. आत्याबाई हातोडी मारत ऐकत होत्या. ती थांबली की म्हणायच्या, "सरदार म्हनला, बरं. म्होरं?"

सरजाबाईनं दुसरं काढलं. पाणवठ्याचं काढलं, वेठीचं काढलं, वेशीबाहेरच्या घरांचं काढलं. तिचा आवाज चढत गेला. जलशात शिदूला या ठिकाणी सावकार दरडावायचा, पाटील शिवी द्यायचा, राजा शिपाई बोलवायचा. त्याच्यावरूनच शिदूचं पुढचं बोलणं निघायचं. इथं समोरचा दरडावतही नव्हता आणि पळतही नव्हता.

"सरदार म्हनला, बरं. म्होरं?"

जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते चाललं. मग सरजाबाईची हातोडी थांबली. तिनं तोंड उघडलं आणि तिच्याजवळ काही नव्हतं.

"सरलं?" लक्ष्मम्मानं विचारलं.

सरजाबाईनं मान डोलावली.

"मग सरदार उठला," आत्याबाई म्हणाल्या. त्या हळूच बोलल्या, जिंकल्यासारख्या नाही.

लक्ष्मम्मानं निकाल दिला. शिदू हरला. आमच्याकडच्या बायकांनी आत्याबाईंना घेरलं. कोणी पाठीवर थाप मारली, कोणी कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीतला आपला वाटा पुढं केला. मी त्यांना इतकं खुशीत त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही फारसं नाही. घरी जाताना त्यांनी मला तो डाव वाटेवर पुन्हा सांगितला, मी समोर बसून ऐकलेला असताना.

पुढल्या आठवड्यात सरजाबाईनं मला टाकीपाशी गाठलं. तिचा चेहरा उतरला होता. तिनं लिंबाजीला सांगितलं होतं, की शिदू जिंकला.

"त्याचा शिदू कवा हरला न्हाई, सिंधू पोरी. जलसा गेला, आवाज गेला, हाडं ऱ्हायली, पन शिदू जिताय. त्यो हरला म्हनून सांगू? परत भिंतीकडं तोंड करंल."

पण लिंबाजीचं नुसतं जिंकला म्हणून समाधान होत नव्हतं. कसा जिंकला, सरदार काय म्हणाला, तोंड कसं झालं त्याचं, असं रोज विचारत होता. सरजाबाई काहीबाही सांगून वेळ मारून नेत होती. आता बाजारच्या दिवशी ती त्याला बैलगाडीतून औशाच्या सरकारी दवाखान्यात नेणार होती. गाडी खडीवरूनच जाणार होती आणि त्यानं हट्ट धरला होता, की तिथं थांबायचंच. हरलेल्याच्या तोंडून ऐकण्यात खरी मजा, असं तो म्हणत होता.

"तुज्या सासूला सांग," ती म्हणाली. "मला तोंड न्हाई."

मी रात्री आत्याबाईंना सांगितलं. त्या भांडी घासत होत्या. राख हातात तशीच राहिली.

"म्हंजी मी जिंकून हरले म्हनू?" त्या म्हणाल्या. "समद्या बायांम्होरं? त्यो खेळ हाय, खेळात हारजीत ऱ्हाते. मी कशापायी लबाड बोलू?"

त्यांच्याजवळ जिंकलेलं असं ते एकच होतं, हे मला कळत होतं.

बाजारच्या दिवशी दुपारी गाडी आली. गाडीत गवताऐवजी पोती अंथरली होती आणि त्यावर लिंबाजी टेकून बसला होता. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. शिदूचं वर्णन ऐकलं होतं, तसाच तो दिसत होता, सोंगाशिवाय. त्यानं सगळ्या बायकांना हात जोडले. मलप्पानं सुट्टी जरा आधीच केली.

"कोंडाबाई कोनत्या?" लिंबाजीनं विचारलं. आवाज नव्हताच, नुसता वारा यावा तसे शब्द येत होते, म्हणून आम्ही सगळ्या गाडीजवळ सरकलो. आत्याबाई पुढं झाल्या. "बाई, लई दिसांनी जोडीदार मिळाला बगा. सांगा आता. कसा हरला तुमचा सरदार?"

सरजाबाई बैलांच्या जवळ उभी होती. तिनं आमच्याकडे पाहिलं नाही. कासरा घट्ट धरून ती एका बैलाच्या मानेवर हात फिरवत होती.

आत्याबाईंनी घसा साफ केला. मला वाटलं, त्या खरं सांगणार. पण त्यांनी सांगायला सुरुवात केली ती वेगळीच. मर्दानसिंग तलवार उपसून धावून आला, शिदू बाजूला झाला. सरदाराचा पाय घोंगड्यात अडकला. शिदूनं उडी मारून तलवार हिसकावली, त्याच्या छातीवर पाय दिला आणि तलवारीचं टोक गळ्याला लावलं. सरदारानं दोन्ही हात जोडले. आत्याबाईंनी ते हात जोडून दाखवलेसुद्धा. आमच्याकडच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. लक्ष्मम्मानं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

लिंबाजी लक्ष देऊन ऐकत होता. सांगून झाल्यावर तो हसला आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. ती जाईपर्यंत सगळे थांबले.

"शिदू हत्याराला हात लावत न्हाई, बाई," तो म्हणाला. "एवढ्या गावात जलसा केला, एकदाबी लावला न्हाई. ते त्याला येतच न्हाई." मग त्यानं बायकोकडे पाहिलं. "सरजे, हरला व्हय त्यो?"

सरजाबाईचा हात बैलाच्या मानेवर थांबला.

"हरला असंल तर कसा हरला, ते नीट सांगा," लिंबाजी आत्याबाईंना म्हणाला. "माजा गडी हाय. मला ठाव पायजे."

आत्याबाईंनी खाली पाहिलं. मग त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. तलवार म्यानात गेली ती, मांडी घातली ती, बरं, म्होरं, असं सरदार म्हणत गेला ते. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. शिदू गप्प झाला तिथं त्यांचाही आवाज बारीक झाला.

लिंबाजी पोत्यांवर जरा पुढं सरकला.

"खाली बसला?" त्यानं विचारलं.

"हाव."

"घोड्यावरून उतरून?"

"घोडा कुठला? घोडा तुमी लोकांनी कवाच मारला की," आत्याबाई म्हणाल्या, आणि बायकांना हसू फुटलं. लिंबाजी हसला नाही.

"भुईवर बसला? मांडी घालून?"

"भुईवर."

"आन समदं ऐकलं?"

"सरेपरेंत."

त्यानं मान डोलावली.

"मी लई सरदार हरवले, बाई," तो म्हणाला. "रातरात उभा ऱ्हाऊन हरवले. कोन पळाला, कोन पाया पडला. पन खाली बसवला न्हाई एकबी. मला ते सुचलंच न्हाई कवा." मग जरा थांबून म्हणाला, "तुमाला कसं सुचलं?"

आत्याबाई नुसत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या.

"हरू द्या मग," लिंबाजी म्हणाला. "अशानं हरला तर हरू द्या. सरजे, भाकरी हाय का गं?"

सरजाबाईनं कासरा सोडला. तिनं फडक्यातली भाकरी काढून त्याच्या हातावर ठेवली आणि त्यानं तिथंच, गाडीत बसून, सगळ्यांसमोर ती खाल्ली. तांबडी, फाटलेली मिलोची भाकरी. खाताना तो मध्येच आत्याबाईंना काही तरी विचारायचा, सरदार बसताना फेटा काढतो का, तलवार कुठं ठेवतो, आणि आत्याबाई सांगायच्या. मलप्पानं सुट्टी संपल्याची शिट्टी वाजवली नाही. गाडी हलली, तेव्हा लिंबाजीनं पुन्हा हात जोडले आणि त्या वेळी आत्याबाईंनीही जोडले.

त्या दिवसापासून हंडे एक झाले, असं मी लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. पण काम संपेपर्यंत हंडे दोनच राहिले. वाद मात्र बदलला. मर्दानसिंग आणि शिदू यांनी एकमेकांशी लढणं सोडलं. दोघं मिळून तिसऱ्याच कोणाशी लढायला लागले. कधी रेशन दुकानदाराशी, कधी टँकरवाल्याशी, आणि एकदा तर खुद्द मलप्पाशी. त्यात मलप्पा हरला आणि त्यानं सगळ्यांना गूळ वाटला.

पुढच्या दिवाळीपर्यंत लिंबाजी राहिला नाही. शेवटपर्यंत जेवत होता, असं सरजाबाईनं सांगितलं. लक्ष्मम्मा तिच्या माणसांबरोबर तेलंगणाकडे गेली. तिकडे एका धरणाच्या कामावर ती आहे, असं कोणी तरी सांगितलं होतं, पुढं काही कळलं नाही. मलप्पा बढती मिळून भोकरकडे गेला आणि तिकडचाच झाला. आमची खडी त्या रस्त्यात गेली. तेव्हा तो उस्मानाबाद जिल्ह्यातला रस्ता होता. ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला आणि मैलाच्या दगडांवरचं नाव बदललं. डांबरावर डांबर चढलं.

नव्या जिल्ह्यात नवी ऑफिसं आली. सरजाबाईचा मुलगा पंढरी दहावी शिकलेला होता, त्याला त्यातल्या एका ऑफिसात शिपायाची नोकरी लागली आणि ती त्याच्याबरोबर लातूरला राहायला गेली. मुलांच्या शाळेसाठी आम्हीही लातूरला आलो. मामंजी मात्र गावीच राहिले. आत्याबाई कधी गावी, कधी आमच्याकडे. नातवंडांना त्या मर्दानसिंग सांगायच्या. पोरं आडवी-तिडवी पसरून, एकमेकांना ढकलत ऐकायची, पण शेवटपर्यंत ऐकायची.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात आत्याबाई गेल्या. फार दुखणं झालं नाही. तेराव्यानंतर मी लातूरला परत आले आणि दुसऱ्याच दिवशी पत्ता विचारत विचारत सरजाबाईकडे गेले. तिच्या सुनेनं मला आत घेतलं, चटई टाकली. सरजाबाई जेवायला बसली होती. तिनं मला लगेच ओळखलं, ताटावरून उठायला लागली, मी तिला बसवलं. ख्यालीखुशाली झाली. मग तिनं विचारलं, "आन कोंडाबाई?"

मी सांगितलं.

तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला. सून सासूला म्हणाली, मामी, जेवून तर घ्या. सरजाबाईनं ताट हातानं थोडं बाजूला सारलं, त्याला नमस्कार केला आणि उठून हात धुतले.

"उंद्या जेवीन," ती सुनेला म्हणाली. "घरातलं मानूस गेलंय."